सोडतीतल्या घराचे पहिले वर्ष

प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठीचे घर साधारण ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचे असते. एवढ्या जागेत जुलै महिन्यात चार माणसांचे कपडे वाळत घातले, की भिंतींना ओल धरते, बुरशीचा वास येऊ लागतो आणि धाकट्याचा खोकला हटत नाही. म्हणून तळोज्याला किंवा खारघरला सिडकोच्या सोडतीत घर लागले, की ताबा घेतल्याबरोबर दाराबाहेरच्या जागेचाही विचार करावा. घरात जे मावत नाही, ते शेजाऱ्यांनी मिळून सांभाळावे लागते.

सुरुवात संपूर्ण इमारतीपासून करू नये, कारण शंभर दारांची पहिली सभा बहुधा पार्किंगवर भांडूनच उठते. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सात-सात घरे एकेका अंगणाभोवती मांडली आणि असे तीन गट मिळून एक मोठी मोकळी जागा ठेवली. ओळखीचे हे माप उंच इमारतीतही उपयोगी पडते. मजल्यावरील कुटुंबांनी पहिल्याच महिन्यात एकत्र बसून जिना मोकळा ठेवण्याचे, गच्चीवर कपडे वाळत घालण्याच्या पाळ्यांचे, आई कामावरून परतेपर्यंत मुलाने कोणाकडे बसायचे याचे आणि एकट्या राहणाऱ्या आजींच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे असेल याचे नक्की करावे. शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत मोलाच्या आहेत; चाळीत त्या न ठरवताच होत असत.

पावसाळ्यात आठवड्यातून एक कोरडा दिवस मजल्याने मिळून पाळावा. डेंग्यू पसरवणारा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. पिंप, कुंड्यांखालच्या बश्या आणि फ्रिजमागचा ट्रे रविवारी रिकामा करून घासून ठेवावा. एकाच घराने हे पाळून भागत नाही.

यानंतर सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नोंदणीकडे वळावे. मुख्य प्रवर्तक, म्हणजे नोंदणी होईपर्यंत संस्थेचे काम पाहणारा, म्हणून उत्साही वक्त्यापेक्षा रोजचा हिशेब रोज लिहिणारा माणूस निवडावा. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे अशा संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, सिंकिंग फंडासाठी (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव पुंजी) सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीसाठी किमान ०.७५ टक्के रक्कम आकारायची असते. बांधकाम खर्च १२ लाख रुपये धरल्यास दोन्ही मिळून महिन्याला १,००० रुपये होतात. कर्जाचा हप्ता भरणाऱ्यांना हे जड वाटते, त्यामुळे मेंटेनन्स कमी करण्याच्या सूचनेला सभेत टाळ्या पडतात. मात्र गच्ची गळू लागल्यावर जी एकरकमी वर्गणी मागितली जाते, तिच्यासाठी दागिने गहाण ठेवण्याची वेळ याच कुटुंबांवर येते. जमाखर्च दरमहा फलकावर लावावा आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी.

बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झाली असली, तरी स्थानकापासून इमारतीपर्यंतची वाट अंधारी असेल, तर संध्याकाळची पाळी करणाऱ्या स्त्रिया नोकरी सोडण्याचा विचार करू लागतात. यासाठी संस्थेच्या लेटरहेडवर निवेदन द्यावे. त्यात ‘रस्त्यावर अंधार असतो’ एवढेच न लिहिता, एका रात्री चौघांनी ती वाट चालून बंद दिव्यांच्या खांबांचे क्रमांक टिपावेत, ते निवेदनाला जोडावेत आणि पोचेची प्रत फाईलला लावावी.