कासवाची ऊन खायची जागा किती गरम असावी?

माझं लाल कानाचं स्लायडर कासव दोन आठवडे टाकीतल्या, ऊब देणाऱ्या दिव्याखालच्या फळीवर टिकतच नव्हतं. वर चढायचं, क्षणभर मान ताणायचं आणि धपकन पाण्यात. मला वाटलं, आपल्याला बुजतंय. काचेला चिकटवलेली तापमानाची पट्टी २९ अंश दाखवत होती, त्यामुळे दिव्याचा संशयही आला नाही. शेवटी वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर आणला आणि सेन्सर कासवाच्या पाठीच्या उंचीवर धरला. ४३ अंश! चटके बसत होते बिचाऱ्याला.

म्हणून आधी हे सांगते: तापमान पाठीच्या उंचीवर मोजा. काचेवरची पट्टी काचेचं तापमान सांगते. कासव फळीवर बसलं की त्याची पाठ फळीपेक्षा दिव्याला चांगली चार-पाच सेंटीमीटर जवळ असते आणि अंतर थोडं घटलं तरी उष्णता झपाट्याने वाढते. कासव वाढेल तशी पाठही वर जाते, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

स्लायडरला पाठीपाशी ३० ते ३४ अंश सेल्सिअस पुरतात. ३५ च्या वर मी जाऊ देत नाही. पाणी मोठ्या कासवाला २४ ते २६, पिल्लाला २६ ते २८. पाणीच फार कोमट झालं तर कासवाला बाहेर यायची गरज वाटत नाही.

दिवा लावून तासभर थांबा, मग मोजा. जास्त भरलं तर दिवा थोडा वर घ्या, पुन्हा अर्धा तास थांबा, पुन्हा मोजा. तेवढ्याने भागलं नाही तर कमी वॅटचा बल्ब लावा. उन्हाळ्यात भर दुपारी एकदा तपासाच, कारण खोलीच तापलेली असते. तरंगती फळी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, माझ्या ती फार उशिरा लक्षात आली: टाकीत पाणी भरलं की फळी दिव्याकडे सरकते. पाण्याची पातळी ठरवून काचेवर खूण करून ठेवा.

फळीचा एक भाग दिव्याच्या झोताबाहेर राहू द्या. कासव अंगातली उष्णता ऊन-सावलीत ये-जा करूनच सांभाळतं. त्याला सरकायला जागा हवी.

उष्णतेच्या साध्या बल्बने यूव्हीबी (उन्हात असतात ते अतिनील किरण) मिळत नाही. ड जीवनसत्त्वासाठी, म्हणजेच कवच आणि हाडांसाठी, त्याचा दिवा वेगळा लागतो. मध्ये काच आली तर यूव्हीबी अडतं, म्हणून टाकी खिडकीत ठेवून काम भागत नाही. उलट उन्हात पाणी धोकादायक तापतं. यूव्हीबीचा दिवा उजेड देत राहिला तरी आतून क्षीण होतो. पाकिटावरची मुदत पाळा, बहुधा सहा महिने ते वर्ष.

दिव्याला चिनी मातीचा होल्डर हवा. नुसत्या क्लिपवर विसंबू नका, साखळीनेही बांधा. पाण्यात पडलेला दिवा जीव घेतो. दिवे दिवसा दहा-बारा तास, रात्री बंद.

मागचे पाय पसरून, मान लांबवून निवांत पडलं तर जागा जमली. तोंड उघडं टाकून बसलं तर गरम होतंय. दिवसभर फळीवरून हललंच नाही तर पाण्याचं तापमान बघा. ते ठीक असूनही पोहताना एका बाजूला कलत असेल किंवा नाकातून बुडबुडे येत असतील, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.