मुरुड, जंजिरा की मुरुड-जंजिरा? नाव लिहिताना या चुका टाळा

रायगड जिल्ह्यातल्या या गावाचं नाव जितकं प्रसिद्ध, तितकंच चुकीचं लिहिलं जातं. बातम्यांत, हॉटेलांच्या पाट्यांवर, सहलीच्या जाहिरातींत त्याच त्या चुका दिसतात.

मुरुड हे किनाऱ्यावरचं गाव आणि जंजिरा हा पाण्यातला किल्ला. पण नगरपरिषदेच्या नावात 'मुरुड-जंजिरा' असं जोडनाव आहे, म्हणजे हे जोडनाव गावाचं. किल्ल्याबद्दल लिहायचं तर नुसतं 'जंजिरा' पुरे. 'मुरुड-जंजिऱ्याच्या तटावर चढलो' या वाक्यात गाव आणि किल्ला यांची खिचडी होते. व्यवहारातही याचा फटका बसतो. किल्ल्याच्या शिडाच्या होड्या सुटतात त्या राजपुरीच्या धक्क्यावरून, मुरुडपासून साधारण 5 किलोमीटर दक्षिणेला. पाहुण्यांना 'मुरुड-जंजिऱ्याला उतरा' एवढंच कळवलंत तर ते मुरुडच्या बसस्थानकावर उतरून किल्ला शोधत बसतील.

राजपुरीचं राजापूर करणं ही त्याच्याच शेजारची चूक. राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात, राजपुरी इथल्या खाडीच्या तोंडाशी. शिवकाळावरच्या मजकुरात तर जास्त जपावं, कारण इंग्रजांची वखार राजापूरची आणि सिद्दीशी झुंज दंडाराजपुरीची. एक अक्षर घसरलं की सगळी मोहीम दुसऱ्याच जिल्ह्यात जाते.

आता अर्थ. 'जंजीर म्हणजे साखळी, तटाची साखळी म्हणून जंजिरा' ही व्युत्पत्ती ऐकायला छान, पण चूक. साखळीची जंजीर फारसी. जंजिरा आला अरबी 'जझीरा'वरून, म्हणजे बेट. अल्जीअर्स शहराचं नावही त्याच मुळातलं. मराठीत हा शब्द सामान्यनाम होऊन गेला आणि पाण्यातल्या कुठल्याही किल्ल्याला जंजिरा म्हणू लागले. म्हणून जुन्या मजकुरात 'जंजिरे सिंधुदुर्ग', 'जंजिरे विजयदुर्ग' भेटतात. तिथे 'जंजिरे' दिसताच मुरुड गृहीत धरलंत तर संदर्भ दोनशे-अडीचशे किलोमीटरने हुकेल. पुढे कोणतं नाव आहे ते आधी वाचा. मुरुडजवळचा तो 'जंजिरे मेहरूब'. आणि 'जंजिरा बेट' असं लिहिणं म्हणजे खरं तर 'बेट बेट'; चालतं, पण 'जंजिरा किल्ला' जास्त बरं.

ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ एकाच नियमाने सुटतो. मराठी अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, म्हणून नियमाने 'मुरूड'. शेवटी दीर्घ स्वर असेल तर त्याआधीचा ऱ्हस्व, म्हणून 'जंजिरा'. 'जंजीरा' हे हिंदी वळण. प्रत्यक्षात 'मुरुड' इतकं रुळलं आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. एका मजकुरात एकच रूप ठेवा. अर्ज भरताना मात्र सातबाऱ्यावर किंवा आधारवर जसं असेल तसंच उतरवा. प्रत्यय लागला की वादच मिटतो: 'मुरुडात' ऱ्हस्वच. 'मुरुद' मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. रोमन अक्षरांवरून यंत्राने केलेलं ते लिप्यंतर आहे.

सर्वांत चिवट चूक सामान्यरूपाची. 'जंजिराला', 'जंजिरामध्ये' नाही; जंजिऱ्याला, जंजिऱ्यात, जंजिऱ्यावर. ('जंजिऱ्यावरची कलालबांगडी तोफ' असं सहज येतं.) गावाचा माणूस मुरुडकर, किल्ल्याचा सिद्दी जंजिरेकर. आणि हे 'ऱ्य' रफाराने लिहू नका. 'जंजिर्याला' वाचताना आधीच्या अक्षरावर आघात येतो, तसा उच्चार कोणी करत नाही. दर्या आणि दऱ्या यांत जो फरक, तोच इथे: दर्यात होडी जाते, दऱ्यांत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ दाबली की 'ऱ्य' उमटतो. जुना मजकूर दुरुस्त करताना 'जंजिर्या' हा पूर्ण तुकडा शोधून बदला. सरसकट 'र्य'चं 'ऱ्य' केलंत तर सूर्य, कार्य, आचार्य सगळे बिघडतील. शोध घेऊनही शब्द सापडत नसेल, तर तो साध्या र आणि अदृश्य जोडचिन्हाने टाइप झालेला असू शकतो; दिसायला तोच, आतला संकेत वेगळा. अशा वेळी नुसतं 'जंजि' शोधा.

जोडनावातली रेघही पाहा. 'मुरुड-जंजिरा'त ती आखूड आणि जागा न सोडता. दोन्हीकडे जागा सोडून लांब रेघ मारलीत तर ती एसटीची पाटी वाटते, मुरुडहून सुटून जंजिऱ्याला जाणारी. ती गाडी पाण्यावरून न्यावी लागेल.

राहिला प्रश्न कुठल्या मुरुडचा. दापोली तालुक्यातलं मुरुड, हर्णैच्या शेजारचं, महर्षी कर्व्यांचं. तेही समुद्रकाठचं, त्यामुळे खोलीचं आरक्षण एका मुरुडला आणि गाडी दुसऱ्या मुरुडला असा प्रकार घडायला वेळ लागत नाही. मधे राजपुरीची, बाणकोटची अशा खाड्या. तिसरं मुरुड लातूरकडे, बार्शीच्या रस्त्यावर, तिथे समुद्राचा संबंधच नाही. म्हणून पत्त्यात नुसतं 'मुरुड' लिहून थांबू नका. 'मुरुड-जंजिरा, जि. रायगड, 402401' किंवा 'मुरुड, ता. दापोली, जि. रत्नागिरी' असं पुरतं लिहा. मुरुडकर आडनावावरून मूळ गाव ठरवतानाही आधी तालुका विचारा.