फ्रान्सच्या खेड्यात गाडी लावताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात आपले लोक भाड्याची गाडी घेऊन दक्षिण फ्रान्समधला प्रोव्हॉन्स भाग फिरायला येतात आणि पार्किंगच्या त्याच त्या गोष्टीत अडकतात, मग रात्री-बेरात्री मला फोन. म्हणून लिहितेय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे संध्याकाळी गावच्या चौकात फुकट जागा मिळाली म्हणून खुश होऊन रात्रभर गाडी तिथेच सोडणं. अहो, आठवड्यातून एकदा तिथे बाजार भरतो, गोर्डला मंगळवारी, लूरमारँला शुक्रवारी, प्रत्येक गावाचा वार ठरलेला. नणंदेकडच्या मंडळींनी अशाच एका गावात आदल्या रात्री गाडी लावली, सकाळी बॅगा घेऊन खाली आले तर गाडीच्या जागी खरबुजांचा स्टॉल! गाडी उचलून शेजारच्या शहरात नेलेली, टॅक्सी मिळेना, मग दंड, टोइंगचे पैसे, वर भाड्याच्या कंपनीची फी, आणि पॅरिसची ट्रेन चुकली ती वेगळीच. पाटी होती हो तिथे, मोठ्या 'पी'च्या खाली छोटी, वार आणि वेळ लिहिलेली. मी गाडी लावली की आधी चालत एन्ट्रीपर्यंत मागे जाते, पाटीचा फोटो काढून ट्रान्सलेट करते, आणि मुक्काम असेल तर बेकरीत विचारते. दोन मिनिटं लागतात, पण आपल्याला तेवढाही धीर नसतो.

दुसरी चूक, निळ्या रेघांची जागा. फुकट असते पण ठरावीक वेळेपुरतीच, आणि पुढच्या काचेमागे डिस्क, म्हणजे वेळ दाखवणारी फिरवायची चकती, लागते, २०१२ पासून युरोपियन मॉडेलचीच, ज्यावर फक्त पोचल्याची वेळ लावायची. कागदावर वेळ लिहून ठेवलेली चालत नाही, दंड ३५ युरो. आणि मध्येच येऊन डिस्क पुढे फिरवायची आयडिया कृपया कुणाला शिकवू नका, गाडी न हलवता वेळ बदलणं हासुद्धा गुन्हाच धरतात.

पिवळी सलग रेघ असेल तर थांबायचंही नाही. फुटपाथवर किंवा अपंगांच्या जागेवर 'पाचच मिनिटं' म्हणून लावली तर १३५ युरो, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. टपावर सामानाचा बॉक्स असेल तर पार्किंगमध्ये शिरण्याआधी हाइट बारवरचा, म्हणजे उंच गाड्या अडवणाऱ्या आडव्या दांड्यावरचा, आकडा बघा.

पैसे भरायचं मशीन बहुतेक ठिकाणी आधी गाडीचा नंबर मागतं, भाड्याच्या गाडीचा तो कुणालाच पाठ नसतो, तेव्हा चावी हातात आली की नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा.