इंग्रजी शब्दांच्या जाती ओळखताना या चुका टाळा

आठही व्याख्या तोंडपाठ असतात, पण वाक्य समोर आलं की उत्तर चुकतं. कारण बहुतेक वेळा एकच: सुटा शब्द पाहून त्याची जात ठरवली जाते. मराठीत हे बरंच खपून जातं. ‘घरात’, ‘घराला’ दिसलं की नाम, ‘धावली’ दिसलं की क्रियापद. प्रत्ययच ओळख सांगतो. इंग्रजी शब्द मात्र पुष्कळदा अंगावर काहीही न घेता उभा असतो. तो वाक्यात कुठल्या जागी आहे आणि कुणाशी जोडला आहे, त्यावर त्याची जात ठरते.

‘बॅक’ हा एकच शब्द घ्या. ‘माय बॅक हर्ट्स’ यात दुखते ती पाठ. शब्द ‘माय’नंतर आलाय आणि तोच वाक्याचा कर्ता आहे, म्हणून नाम. ‘क्लोज द बॅक डोअर’ यात तो ‘द’ आणि ‘डोअर’ यांच्या मधे बसून कोणतं दार ते सांगतो, म्हणून विशेषण. ‘दे बॅक्ड द प्लॅन’ यात त्याला भूतकाळाची खूण लागली, म्हणजे क्रियापद. ‘ही केम बॅक’ यात येण्याची दिशा कळते, म्हणून क्रियाविशेषण. ‘बॅक म्हणजे नाम’ असं पाठ करणाऱ्याचं यातलं एकच उत्तर बरोबर येईल.

म्हणून वाक्य सोडवताना आधी क्रियापद शोधा. वाक्याचा काळ बदलून पाहा. जो शब्द बदलतो तो क्रियापद. मग ‘कोण’ आणि ‘काय’ विचारून नामं, सर्वनामं काढा. उरलेले शब्द कुणाला चिकटले आहेत ते शेवटी पाहा: नामाला चिकटला तर विशेषण, क्रियापदाला, विशेषणाला किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाला चिकटला तर क्रियाविशेषण.

शेवटी ‘ली’ आहे म्हणून क्रियाविशेषण

हा सापळा फार जुना. ‘स्लो’पासून ‘स्लोली’ हे क्रियाविशेषण खरं, पण ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कॉस्टली’ ही विशेषणं आहेत. ‘ली’ काढून उरलेला शब्द पाहा. विशेषण उरलं (स्लो, क्विक) तर पूर्ण शब्द बहुधा क्रियाविशेषण. नाम उरलं (फ्रेंड, कॉस्ट) तर बहुधा विशेषण. ‘डेली’, ‘वीकली’ दोन्ही कामं करतात. म्हणून ‘ही स्पोक फ्रेंडली’ चुकीचं. तिथे ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’ असंच म्हणावं लागतं.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. ‘तो खूप मेहनत करतो’ यासाठी ‘ही वर्क्स हार्डली’ लिहिलं, तर अर्थ होतो ‘तो कामच करत नाही म्हणा ना’. ‘हार्ड’ आणि ‘फास्ट’ हे शब्द ‘ली’ न लावताच क्रियाविशेषण होतात. ‘लेटली’ म्हणजेही उशिरा नव्हे, अलीकडे.

क्रियापदानंतर नेहमी क्रियाविशेषणच हवं असं नाही

‘शी लुक्स हॅपिली’ ही चूक नियम अर्धवट लक्षात राहिल्यामुळे होते. गंमत म्हणजे इथे मराठी आपल्याला मदत करते: ‘ती आनंदी दिसते’ असंच आपण म्हणतो, ‘आनंदाने दिसते’ नाही. क्रियापदाच्या जागी ‘इज’ घालून पाहा. ‘शी इज हॅपी’ जुळतं, म्हणून ‘शी लुक्स हॅपी’. पण ‘शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट द डोअर’ यात ‘वॉज’ बसत नाही. तिथे बघण्याची खरीखुरी क्रिया आहे, म्हणून क्रियाविशेषण बरोबर.

मराठीचं ‘बद्दल’ इंग्रजीत ओढून नेणं

‘विषयाबद्दल चर्चा केली’ हे मनात ठेवून ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ लिहिलं जातं. मराठीत ‘चर्चा’ हे नाम आहे, त्याला ‘बद्दल’ लागतं. ‘डिस्कस’ हे सकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्म थेट लागतं: ‘वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम’. नाम वापरलंत तर ‘अबाउट’ बिनधास्त येऊ द्या: ‘अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम’. म्हणजे चूक शब्दयोगी अव्ययाची दिसली तरी मूळ गोंधळ नाम आणि क्रियापद यांचा आहे. ‘शी मॅरिड विथ हिम’मधला ‘विथ’ही असाच ‘त्याच्याशी’मधून घुसतो.

‘गो टू होम’ची गोष्ट वेगळी. इथे ‘होम’ नाम नसून ‘घरी’ या अर्थाचं क्रियाविशेषण आहे, त्यामुळे ‘टू’ला पकडायला नामच नाही. ‘गो होम’ पुरे.

‘टू’चीही दोन कामं आहेत. ‘आय वॉन्ट टू गो’ यात तो क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण आहे. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ यात शब्दयोगी अव्यय. पुढे नाम ठेवून पाहा: ‘यूज्ड टू नॉइज’ चालतं, ‘वॉन्ट टू नॉइज’ चालत नाही. नाम चाललं तर पुढच्या क्रियापदाला ‘इंग’ लावा.

‘इंग’ दिसलं की लगेच क्रियापद म्हणून मोकळं होऊ नका. ‘स्विमिंग इज फन’ यात ते नामाचं काम करतं, ‘बॉइलिंग वॉटर’मध्ये विशेषणाचं; ‘द वॉटर इज बॉइलिंग’ यातच क्रियापदाचा भाग होतं.

जरी-तरी

मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ हवाच, म्हणून ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट’ असं वाक्य जन्माला येतं. दोन वाक्यं जोडायला इंग्रजीत एकच उभयान्वयी अव्यय पुरतं. ‘ऑलदो’ ठेवा नाहीतर ‘बट’. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांनाही हाच न्याय.

‘बिफोर’ ओळखताना त्याच्या पुढे बघा. पुढे नाम असेल (‘बिफोर लंच’) तर शब्दयोगी, कर्ता-क्रियापद असेल (‘बिफोर ही लेफ्ट’) तर उभयान्वयी, काहीच नसेल (‘आय हॅव सीन इट बिफोर’) तर क्रियाविशेषण.

‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. जुन्या पद्धतीच्या पुस्तकांत ते विशेषणांत बसवतात, नव्या पुस्तकांत ‘डिटर्मिनर’ असा वेगळा गट असतो आणि मग जाती ८च्या ९ होतात. ‘माय बुक’मधल्या ‘माय’चंही तसंच. परीक्षेसाठी लिहीत असाल तर नेमलेल्या पुस्तकात जे नाव असेल तेच लिहा.