फायटर पाळताय? प्लांटेड टँकमधल्या या चुका टाळा

दुकानात फायटर मासा प्लास्टिकच्या ग्लासात दिसतो आणि आपल्याला वाटतं, याला काय, वाटीभर पाणीही पुरेल. तिथेच गडबड होते. फायटरच्या कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यामुळे तो वर येऊन थेट हवा घेतो. थायलंडमधल्या भातखाचरांच्या उथळ पाण्यात तो याच जोरावर तगतो. ऑक्सिजन कमी असला तरी त्याचं भागतं, पण थोड्या पाण्यात त्याच्याच घाणीतून साठणारा अमोनिया त्याचेही कल्ले जाळतो. टँक निदान २० लिटरचा हवा.

'झाडं भरपूर लावलीत, मग सायकल कशाला?' हे मी हमखास ऐकतो. सायकल म्हणजे मासा सोडण्याआधी टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू देणं. झाडं अमोनिया शोषतात हे खरं, पण नव्या पाण्यात पहिले काही आठवडे तीच पानं गाळतात. क्रिप्टोकोरिन नावाचं झाड तर अक्षरशः विरघळतं, आणि कुजलेली पानं अमोनियात भरच घालतात. चार ते सहा आठवडे थांबा. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच मासा सोडा.

माझी स्वतःची चूक याहून वेडगळ. एका रविवारी स्वच्छतेचं भूत अंगात शिरलं आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिवळाधमक होईपर्यंत चोळला. जो तपकिरी गाळ मी घाण म्हणून वाहून घालवला, त्यातच अमोनिया पचवणारे जिवाणू होते. उरलेले नळाच्या क्लोरीनने मारले. बुधवारी मासा पर मिटून कोपऱ्यात पडून होता. आता टँकमधलंच पाणी बादलीत काढतो आणि स्पंज त्यात दोनदा पिळतो, बस्स. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, तेही क्लोरीन काढणारं औषध घालून.

शेपटी फाटली की लगेच औषधाची बाटली उघडू नका, आधी कडा बघा. काळपट किंवा लालसर होत हळूहळू झिजत असेल तर फिन रॉट, म्हणजे पर सडण्याचा रोग. पाणी तपासा, बदला. रात्रीतून तुकडाच गेला असेल तर त्याने स्वतःच चावलाय किंवा तो कुठेतरी अडकलाय. जुना नायलॉनचा मोजा दगडा-लाकडांवरून फिरवा. धागा अडकतो तिथे शेपूटही अडकते. फिल्टरची धार जोरात असेल तर ती काचेकडे वळवा.

अनुबियास आणि जावा फर्न या झाडांचा जाड आडवा कंद वाळूत पुरू नका, तो सडतो. दोऱ्याने लाकडाला बांधा.

पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतोच. पाणी २५ ते २७ अंश ठेवा. खाणं सकाळ-संध्याकाळ तीन-चार दाणे. पोट फुगलं तर दोन दिवस उपास. मात्र खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले असतील तर मासा क्वचितच वाचतो.

झाकण हवंच, फायटर उडी मारतो. पण पाणी काठोकाठ भरू नका, श्वासासाठी वर मोकळी हवा लागते.

सोसायटीच्या आवारात बदामाचं झाड असेल तर फवारणी न झालेलं, गळून वाळलेलं एक पान धुऊन टँकमध्ये टाका. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका.