झुरिकच्या स्ट्रीट परेडला जाण्याआधी

ऑगस्टातल्या दुसऱ्या शनिवारच्या आसपास झुरिकच्या सरोवराकाठचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि टेक्नो संगीतावर नाचणाऱ्या लाखो माणसांनी भरून जातात. या परेडला तिकीट नाही, फाटक नाही. १९९२ मध्ये ईटीएच या झुरिकच्या तंत्रविद्यापीठात गणित शिकणाऱ्या मारेक क्रिन्स्कीने बर्लिनची लव्ह परेड ही अशीच टेक्नो मिरवणूक पाहून इथेही प्रेम, शांतता आणि सहिष्णुतेसाठी 'निदर्शन' करण्याची रीतसर परवानगी काढली, तेव्हा जेमतेम हजारभर लोक आले होते. १९९४ मध्ये शहराने परवानगी नाकारली, पण लोकांनी आवाज उठवला आणि परेड झाली. कोणीही यावं हा तिचा प्राण आहे. म्हणूनच स्वतःची काळजी घेण्याची तयारी आपणच घरून करून जायची.

भारतातून येणार असाल तर शेंगेन व्हिसाची (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाची) भेटवेळ आणि राहण्याची जागा ही दोन कामं उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागण्याआधीच उरका. त्या शनिवार-रविवारी शहरातली हॉटेलं भरतात आणि महागतात. विंटरथूर किंवा बाडेनला राहिलात तरी चालेल, दोन्हीकडून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. मूळ पासपोर्ट खोलीवर कुलपात ठेवा, जवळ प्रत असू द्या. नोकरी-शिक्षणासाठी तिथेच राहणाऱ्यांनी वास्तव्य-परवान्याचं कार्ड सोबत घ्यावं.

आता कान. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त हयगय इथेच होते आणि कानाचं नुकसान भरून येत नाही. आवाजाची तासाभराची सरासरी ९३ डेसिबलच्या वर जाणार असेल तर आयोजकांनी इअरप्लग फुकट द्यायलाच हवेत, असा स्वित्झर्लंडचा नियम आहे. तरी ते मिळवायला गर्दीत शोधाशोध करण्यापेक्षा आपले घेऊन जा, आणि एक जोडी जास्तीची. फोमचा इअरप्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, तो आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवलेला बोळा काही कामाचा नाही. घरी दोन-चारदा करून पाहा. 'लव्ह मोबाइल', म्हणजे डीजे आणि स्पीकर लादलेले ट्रक, जवळून जाताना भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरसमोर थांबू नका. लहान मुलांना नेणार असाल तर डोक्यावरून बसणारे इअरमफ हवेतच, आणि दुपारीच परत फिरा.

कपडे हवे तेवढे रंगीबेरंगी करा, तिथे सगळेच नटून येतात. बूट मात्र बंद आणि जाड तळव्याचे घाला, कारण संध्याकाळपर्यंत रस्त्यावर फुटक्या काचा असतात. टोपी आणि सनस्क्रीन घ्या. उन्हाळ्यात संध्याकाळी वादळी पाऊस येऊ शकतो, म्हणून घडी होणारा रेनकोट ठेवा. गर्दीत छत्री नको. पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्या. शहरात १,२०० हून अधिक कारंजी आहेत आणि जिथे मनाई लिहिलेली नाही तिथलं पाणी बिनधास्त प्यावं. शीतपेय किंवा बिअर घ्यायची तर ती आयोजकांच्याच स्टॉलवरून घ्या, या फुकट परेडचा खर्च त्यातूनही निघतो.

मार्ग आधी नकाशावर नीट पाहून ठेवा: उटोक्वाय, बेलव्ह्यू, क्वाय पूल, ब्युर्क्लीप्लात्झ आणि पुढे एंगं. जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, पण पुण्यात विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोड चाललेल्या माणसाला कळेल की हे अंतर किती लांब होतं. शिवाय इथे एका बाजूला सरोवर आहे, त्यामुळे बाहेर पडायच्या वाटा एकाच अंगाला. २०१० मध्ये जर्मनीतल्या ड्युसबुर्गच्या लव्ह परेडमध्ये अरुंद वाटेवर चेंगरून २१ जणांचा जीव गेला. म्हणून पुलावर रेंगाळू नका. छातीवर दाब जाणवायच्या आधीच, नुसती दाटी वाढतेय असं वाटलं तरी, गल्लीकडे सरका. बेलव्ह्यू आणि ब्युर्क्लीप्लात्झला ट्राम मिळणार नाहीत. मुख्य स्टेशन किंवा स्टाडेलहोफेनहून चालतच या.

फोनवर भरवसा ठेवू नका. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. माझी पसंती मुख्य स्टेशनाच्या भव्य दालनाला: छताला शिल्पकार निकी द सँ फाल यांचा प्रचंड रंगीत देवदूत टांगलेला आहे, तो कुठूनही दिसतो. सोबत्यांचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १४४, पोलिसांसाठी ११७.

पेला नजरेआड करू नका. दारू प्यायल्यावर सरोवरात उडी मारू नका. कोणी काही घेऊन अत्यवस्थ झालं तर लाज न बाळगता प्रथमोपचार केंद्रावर न्या आणि काय घेतलं ते खरं सांगा, उपचार त्यावरच ठरतात.

परतीची रात्रीची गाडी एसबीबीच्या (स्विस रेल्वेच्या) ॲपवर आधी पाहून ठेवा, तिकीटही सकाळीच काढा. आणि दूध, पाव, फळं शुक्रवारीच आणा. रविवारी झुरिकची बहुतेक दुकानं बंद असतात, मुख्य स्टेशनातली मात्र उघडी असतात.