शेंगदाण्याची ॲलर्जी आणि घरचा स्वयंपाक

मुलीच्या रक्तचाचणीत शेंगदाणा, दूध, गहू अशा अनेक पदार्थांपुढे ‘पॉझिटिव्ह’ आले, तेव्हा सगळेच बंद करण्याऐवजी आम्ही ॲलर्जीतज्ज्ञांकडे गेलो. आयजीई चाचणी, म्हणजे ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडे मोजणारी ही रक्तचाचणी, शरीराची संवेदनशीलता दाखवते, एकट्याने ॲलर्जी सिद्ध करत नाही, आणि आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या चाचणीवरून पदार्थ वर्ज्य करणे तर मुळीच योग्य नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. दूध व गहू ती पूर्वीपासून त्रासाविना खात होती, म्हणून ते चालू राहिले. वाढत्या वयात ते विनाकारण तोडणे मला अन्यायाचेच वाटते. शेंगदाण्याने मात्र तिच्या अंगावर गांधी उठत आणि ओठ सुजत, त्यामुळे तो पूर्ण बंद केला.

खरे काम स्वयंपाकघरात होते, कारण साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी या सर्वांत आमच्याकडे दाण्याचे कूट असतेच. त्याऐवजी मी ओले खोबरे वापरू लागले, घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचे अंश राहू शकतात म्हणून तेलही बदलले, आणि मिक्सरचे स्वतंत्र भांडे घेतले. पाकिटावरील ॲलर्जीची सूचना प्रत्येक खरेदीला वाचते. डॉक्टरांनी दिलेली आणीबाणीची लेखी योजना आणि तीव्र ॲलर्जीत तातडीने द्यायचे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन शाळेतही ठेवले आहे.